सरचिटणीसपदासाठी फॉर्म भरतेय, संघटनेच्या निवडणुकीत उतरलेल्यांनी जरा मोकळेपणानं बोला

निळीशाई:
नमस्कार मंडळी. मी एका सार्वजनिक वीज कंपनीत लिपिक आहे आणि आमच्या कामगार संघटनेत सहचिटणीस. यंदाच्या त्रैवार्षिक अधिवेशनात सरचिटणीसपदासाठी उभं राहायचं ठरवलंय. आमच्याकडे हे पद कायम बिनविरोध होत आलंय. म्हणजे अधिवेशनाच्या आदल्या रात्री ज्येष्ठ मंडळी बसतात, पॅनल ठरतं, सकाळी सूचक उभा राहतो, अनुमोदक उभा राहतो, टाळ्या, हार, झालं. ज्यांनी संघटना उभी केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांच्यातल्या काहींनी निलंबनं भोगलीत, घरं कशी चालवली असतील देव जाणे. पण आता परिस्थिती अशी आहे की वेतन करारात काय ठरलं हे सभासदाला सह्या झाल्यावर व्हॉट्सअपवर कळतं, उपकेंद्रातल्या माणसाची तक्रार वरच्या सर्कल ऑफिसला पडून राहते, आणि आउटसोर्सिंगची पोरं रोज आमच्याच लाइनवर चढतात तरी ती आमची सभासद नाहीत. हे बदलायचं तर कुणीतरी सरळ उभं राहून मत मागायला हवं असं मला वाटतं.

तीन गोष्टींवर तुमचं मत हवंय. एक, बिनविरोधची पद्धत मोडली की "फूट पाडली" असं म्हणतात त्याला उत्तर काय द्यायचं. दोन, मतं प्रामुख्यानं लाइनस्टाफची आणि उपकेंद्रातल्या यंत्रचालकांची, मी ऑफिसातली आणि त्यात बाई, त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं. तीन, फॉर्म भरला की बदली येईल असं सगळे सांगतायत, त्याचं काय करायचं.

पायवाट:
ताई, आधी अभिनंदन. मी एका सरकारी बँकेच्या संघटनेत दोनदा लढलोय, एकदा पडलो, एकदा आलो. पहिलं काम सांगतो, भाषण लिहायला घेऊ नका, संघटनेची घटना काढा आणि मतदार कोण ते वाचा. बहुतेक मोठ्या संघटनांत सरचिटणीसाला सगळे सभासद थेट मत देतच नाहीत. युनिटनं, म्हणजे स्थानिक शाखेनं, प्रतिनिधी निवडायचे, इतक्या सभासदांमागे एक, आणि ते प्रतिनिधी अधिवेशनात मत देतात. मग खरी निवडणूक अधिवेशनात होतच नाही, ती दोन-तीन महिने आधी युनिटच्या सभांमध्ये होऊन गेलेली असते, जिथे हजेरी पंधरा-वीस माणसांची असते आणि प्रतिनिधींची नावं युनिट सेक्रेटरी घरूनच लिहून आणतो. तुम्ही अधिवेशनात कितीही चांगलं बोललात तरी समोर बसलेले प्रतिनिधी दुसऱ्यांनी निवडलेले असतील तर काय उपयोग. तेव्हा प्रत्येक युनिटची सभा कधी आहे, नोटीस किती दिवस आधी लागायला हवी, कोरम किती, आणि वर्गणी थकलेल्याला मत आहे का, हे चार प्रश्न आधी सोडवा.

वर्गणीचं तर फार महत्त्वाचं. चेकऑफनं पगारातून कपात होत असेल तर ठीक, पण बदलीनंतर नव्या ठिकाणी कपात सुरू झालीच नाही असे सभासद प्रत्येक युनिटात निघतात, आणि त्यांना ते मतदानाच्या दिवशी कळतं.

निळीशाई:
पायवाट, हे फार उपयोगी आहे. घटना काढून वाचली. आमच्याकडे पन्नास सभासदांमागे एक प्रतिनिधी, आणि सभेची नोटीस पंधरा दिवस आधी फलकावर लागली पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. अर्ज भरायला सूचक आणि अनुमोदक दोन वेगवेगळ्या सर्कलचे लागतात, हे तर कार्यकारिणीतल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं कारण कधी गरजच पडली नाही.

जुनीफाईल:
मी निवृत्त आहे, आयुष्य संघटनेत गेलं, म्हणून थोडं कडवट वाटलं तरी ऐका. बिनविरोध ही पद्धत कुणाच्या सोयीसाठी आली नाही. निवडणूक झाली की दोन गट पडतात, हरलेला गट तीन वर्षं फाईल घेऊन व्यवस्थापनाच्या केबिनमध्ये बसतो, आणि व्यवस्थापन कराराच्या वेळी दोघांना वेगवेगळं बोलावतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि आता तर औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, त्यात ५१ टक्के कामगार ज्या संघटनेकडे तीच एकमेव वाटाघाटी करणारी संघटना. कुणाकडेच ५१ टक्के नसतील तर वाटाघाटी परिषद, आणि तिथे बसायला किमान २० टक्के पाहिजेत. अशा वेळी आपसात भांडणं परवडतात का, मुली?

निळीशाई:
काका, तुमचा अनुभव मोठा आहे आणि गटबाजीची भीती खोटी नाहीये. पण मी याच ५१ टक्क्यांवरून उलट विचार करते. नवीन संघटना नोंदवायला कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद पुरतात, किमान सात असावेत एवढंच. म्हणजे ज्याला आत बोलायला जागा मिळत नाही तो शंभर माणसं गोळा करून बाहेर जाऊ शकतो, आणि आमच्याकडे गेल्या काही वर्षांत तसंच झालंय. तंत्रज्ञांची वेगळी, यंत्रचालकांची वेगळी, मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची वेगळी, अभियंत्यांची तर आधीपासूनच वेगळी. यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी अधिवेशनात "नंतर बघू" असं सांगून खाली बसवलेलं होतं. फूट मतदानामुळे पडली नाही, मतदान कधी झालंच नाही म्हणून पडली. आत हरलेला माणूस तीन वर्षांनी परत उभा राहू शकतो, बाहेर गेलेला परत येत नाही. म्हणून मी जाहीरपणे लिहून देणार आहे की हरले तरी याच संघटनेत राहीन, वर्गणी भरीन आणि निवडून आलेल्यासोबत द्वारसभेला, म्हणजे गेटवरच्या सभेला, उभी राहीन, आणि समोरच्या उमेदवारानंही तेच लिहून द्यावं असं म्हणणार आहे.

जुनीफाईल:
हे लिहून देण्याचं आवडलं. आमच्या वेळी कुणी दिलं नाही. दोन्ही उमेदवारांच्या सह्यांनी एकच पत्रक काढा, वेगवेगळी नको.

रुळाशेजारी:
आमच्या रेल्वेत मान्यतेसाठीच गुप्त मतदान होतं, २००७ ला झालं, २०१३ ला झालं आणि मग थेट डिसेंबर २०२४ मध्ये. ते संघटनांमधलं मतदान, पदाधिकाऱ्यांचं नाही, पण त्यातून एक गोष्ट दिसते. मधे इतकी वर्षं मतदान नव्हतं तेव्हा शाखेचे लोक रुळांची देखभाल करणाऱ्या गँगकडे फिरकत नव्हते. मतदान जाहीर झालं आणि ट्रॅकमेंटेनरच्या गँगपर्यंत, गेटमनच्या खोपटापर्यंत नेते चालत आले, क्वार्टरची गळती, बुटांचा पुरवठा, ड्युटीचे तास, सगळं लिहून घेतलं. तीच माणसं, तेच नेते. मताची पेटी असली की पाय चालायला लागतात. तुमच्या अधिवेशनात हात वर करून मतदान असेल तर आधी गुप्त मतपत्रिकेची मागणी करा, कारण युनिट सेक्रेटरी बाजूला बसलेला असताना हात कोण वर करणार.

कोरापान:
स्पष्ट विचारतो, राग मानू नका. मी लाइनस्टाफमधला. तुम्ही कधी पोलवर चढलेल्या नाही, पावसात रात्री दोन वाजता फॉल्ट शोधायला गेलेल्या नाही. आमचं नेतृत्व तुम्ही कशाच्या जोरावर करणार? ऑफिसातले नेते आम्ही खूप पाहिले, त्यांना आमची आठवण द्वारसभेला गर्दी लागते तेव्हाच येते.

निळीशाई:
राग कसला, हा प्रश्न प्रत्येक युनिटात येणार आणि यायलाच हवा. मी पोलवर चढलेली नाही आणि चढल्याचा आव आणणार नाही. माझं काम कागदाचं आहे, आणि तुमच्या जिवाचा हिशोब शेवटी कागदावरच होतो म्हणून ते सांगते.

आमच्या भागात एक आउटसोर्सिंगचा मुलगा लाइनवर काम करताना शॉक लागून गेला. चौकशीत लिहिलं गेलं की त्यानं परमिट (लाइन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी) न घेता काम केलं, म्हणजे चूक त्याचीच, विषय संपला. कंत्राटदार म्हणाला माझा संबंध नाही, कंपनी म्हणाली तो आमचा कर्मचारी नाही, आणि आमच्या संघटनेतही एकजण म्हणाला की तो सभासद नव्हता ना. मी उपकेंद्राचं परमिट बुक मागवलं. परमिट दिल्याची नोंद होती, वेळ होती, यंत्रचालकाची सही होती, परत केल्याचा रकाना कोरा होता. मग त्याच दिवसाची लॉगशीट काढली, त्यात तो फीडर चार्ज केल्याची, म्हणजे त्या लाइनवर वीज सोडल्याची, वेळ आणि लोडचे अँपिअर लिहिलेले. म्हणजे परमिट परत आलेलं नसताना लाइन चार्ज झाली, आणि तसा आदेश वरून फोनवर आला होता हे यंत्रचालकानं शेरा रकान्यात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. त्या माणसानं तेवढी एक ओळ लिहिली नसती तर ना तो स्वतः चौकशीतून वाचला असता ना त्या मुलाच्या घरच्यांना काही मिळालं असतं. भरपाईचा दावा तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली गेला, त्यातल्या कलम १२ नुसार कंत्राटदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावर यायची, आणि ती आली.

मला नेतृत्व या कामाच्या जोरावर मागायचंय. लाइनवरची गोष्ट तुम्ही मला सांगायची, मी ती अशी मांडीन की समोरच्याला नाकारता येणार नाही. आणि माझ्या पॅनलमध्ये कार्याध्यक्ष लाइनस्टाफचाच असेल, तो तुम्ही ठरवा, मी नाही.

कोरापान:
परमिट बुकचं ऐकून अंगावर काटा आला. परत केल्याचा रकाना कोरा राहणं हे आमच्याकडे रोजचं आहे, कुणी बोलत नाही. तुम्ही हेच सांगा युनिटात. भाषण नको, ते परमिट बुकचं पान सांगा. आणि मुलाचं नाव घेऊ नका सभेत, घरच्यांना त्रास होतो.

निळीशाई:
नाव कधीच घेत नाही, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय हा विषयही काढत नाही. त्याच्या बहिणीनंच सांगितलं की सांगा म्हणून.

दुसरीपाळी:
मी यंत्रचालक, उपकेंद्रात एकटा असतो शिफ्टला. माझं एवढंच म्हणणं की सभा नेहमी संध्याकाळी सर्कल ऑफिसला ठेवतात, मग सेकंड शिफ्टवाला कधीच येऊ शकत नाही, नाइटवाला झोपेतून उठून येत नाही, आणि दर वेळी मिनिट्समध्ये लिहितात "उपस्थिती समाधानकारक". मला इतक्या वर्षांत प्रतिनिधी म्हणून कुणी विचारलंच नाही. ताई तुम्ही उपकेंद्रात या, फक्त शिफ्ट बदलायच्या वेळेच्या आधी अर्धा तास या म्हणजे जाणारा आणि येणारा दोघंही भेटतील. आणि आल्यावर फोटो काढू नका, यार्डात बाहेरची व्यक्ती दिसली की आम्हाला मेमो मिळतो, गेटबाहेर उभं राहून बोलू.

पायवाट:
हा वरचा सल्ला सोन्यासारखा आहे, लिहून ठेवा. माझ्या दुसऱ्या निवडणुकीत मी फक्त एवढंच केलं होतं, दूरच्या शाखांत आधी गेलो आणि मोठ्या शाखा शेवटी ठेवल्या. मोठ्या शाखेत तुमच्या आधीच कुणाचं तरी वजन असतं, तिथे तुमच्या जाण्यानं फारसं हलत नाही. लहान शाखेत मात्र संघटनेचं कुणी आलं हीच बातमी होते, आणि लहान शाखांचे प्रतिनिधी मिळून बरेच होतात. जाताना कोरी वही न्या. तक्रार लिहून घ्या, खाली त्यांचीच सही घ्या, आणि आठ दिवसांत उत्तर कळवा, "अजून झालं नाही" हे उत्तर असलं तरी कळवा. आश्वासन देऊ नका. तुम्ही निवडून याल तेव्हा तीच वही लोक तुमच्यासमोर ठेवतील.

आता बदलीचं बोलतो कारण ते कुणी नीट सांगत नाही. संरक्षित कामगार म्हणून दर्जा मिळतो तो एकूण कामगारांच्या एक टक्क्याला, किमान ५ आणि कमाल १००, आणि त्यासाठी संघटनेनं नावं मालकाला कळवावी लागतात, आपोआप मिळत नाही. तो दर्जा असला की वाद प्रलंबित असताना पूर्वपरवानगीशिवाय कामावरून काढता येत नाही, पण साधी बदली त्यानं आपोआप थांबत नाही. मात्र धोरणाच्या नावाखाली द्वेषबुद्धीनं केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथांच्या यादीत आहे. ती सिद्ध करायची तर तारखा लागतात. म्हणून अर्ज भरल्याची पोच घ्या, त्यावर तारीख आणि वेळ घ्या, आपल्या टेबलावरच्या लोकांचा बदलीचा कालावधी काय, ज्येष्ठता यादीत तुम्ही कुठे, हे आजच कागदावर काढून ठेवा.

आणि बदलीपेक्षा जास्त काम करतं ते प्रमोशन. ऐन निवडणुकीच्या आधी चांगल्या उमेदवाराला वरच्या केडरचं पत्र येतं, घरचे खूश, पगार वाढतो, आणि त्याच दिवशी तो या संघटनेचा सभासद राहत नाही कारण ती केडर आमच्या संघटनेत येत नाही. मी दोन उत्तम माणसं अशी गेलेली पाहिलीत. त्यांना दोष देता येत नाही, पोराबाळांचं शिक्षण असतं. पण तुमची प्रमोशनची पाळी जवळ असेल तर घरी आत्ताच बोलून घ्या, पत्र हातात आल्यावर तो विचार नीट होत नाही.

निळीशाई:
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझी पाळी पुढच्या प्रमोशनच्या यादीत येऊ शकते. घरी बोलले, ह्यांचं म्हणणं, आधी तीन वर्षं हे कर. सासूबाईंनीही तेच सांगितलं.

कोरापान:
एक राहिलं. आमचे अध्यक्ष निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तेच. निवृत्त माणसाला पद देता येत नाही असा कायदा आहे ना? तो मुद्दा घेतला तर तरुण मतं मिळतील.

जुनीफाईल:
असा कायदा नाही. बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, जे कमी तेवढेच असू शकतात, हे खरं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की निवृत्त झालेला किंवा कपातीत गेलेला कर्मचारी बाहेरचा धरायचा नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनं ते आलं आणि नव्या संहितेतही आहे. आणि बाहेरचा म्हणजे वाईट असंही नाही. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला तेव्हा ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस होते, ते काही रेल्वेत नोकरीला नव्हते. नोकरी नसलेल्या माणसाला निलंबित करता येत नाही, हा फायदा आम्ही वापरलाय.

निळीशाई:
काका बरोबर सांगतायत, म्हणून मी निवृत्तांविरुद्ध प्रचार करणार नाही. कायद्यानं चालतं त्यावर खोटं बोलून मतं घेतली तर करार वाचताना लोक माझ्यावर विश्वास का ठेवतील. माझी मागणी वेगळी आहे, वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्यांमध्ये नोकरीत असलेल्यांची संख्या जास्त असावी, आणि कराराचा मसुदा सह्यांच्या आधी युनिटांना वाचायला मिळावा. अध्यक्षांना मी स्वतः भेटून सांगून आले की मी उभी राहतेय. बाहेरून कळू नये असं वाटलं. ते गप्प बसले थोडा वेळ, मग म्हणाले हिशोबाच्या वह्या बघून घे, येशील तर माहीत पाहिजेत.

मंत्रालयीन:
मी राज्य सरकारी कर्मचारी, थोडं वेगळं सांगतो कारण इथे वाचणारे सगळे कंपनीतले नसतील. सरकारी खात्यातल्या संघटनांना हे सगळे कामगार कायदे तसेच्या तसे लागू होत नाहीत, आमच्यावर वर्तणूक नियम असतात आणि मान्यतेचे नियम वेगळे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी १९९३ चे सेवा संघटना मान्यता नियम आहेत, त्यात मान्यतेला त्या केडरचे ३५ टक्के सभासद लागतात. संपाबाबत तर सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलंच की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही. त्याआधी १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात ५४ दिवस संप चालला आणि त्या निकालानंतरही मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी परत लोक उतरले. म्हणून खात्यात उभं राहणाऱ्यानं आधी आपल्या संघटनेच्या मान्यतेचे नियम वाचावेत, इथला सल्ला उचलून तसाच लावू नये.

दुसरीपाळी:
ताई, आउटसोर्सिंगवाल्यांना सभासद करायचं म्हणताय ते कायम लोकांना आवडेल का? आमच्याकडे काहीजण म्हणतात त्यांना घेतलं तर आपल्या जागा जातील.

निळीशाई:
जागा त्यांना सभासद न केल्यानं जातायत. रिक्त पदावर माणूस भरत नाहीत आणि त्या जागी कंत्राटी मुलगा कमी पैशात उभा करतात, त्याला संघटना नसल्यानं तो बोलत नाही, आणि तो बोलत नाही म्हणूनच तो स्वस्त पडतो. तो सभासद झाला, त्याला समान सुरक्षा साहित्य आणि किमान वेतन पूर्ण मिळायला लागलं की कंत्राट स्वस्त राहणार नाही. मतं गेली तरी ही गोष्ट मी प्रत्येक युनिटात बोलणार आहे, कारण नंतर केलं तर म्हणतील आधी सांगितलं नव्हतं. आमच्या घटनेत सभासदत्वाच्या कलमात "कंपनीच्या आस्थापनेवर" असा शब्द आहे, तो बदलायला अधिवेशनात दोन तृतीयांश लागतात. घटनादुरुस्तीची सूचना वेगळी द्यावी लागते, ती अर्जासोबतच देतेय.

रुळाशेजारी:
दुरुस्तीची सूचना आणि उमेदवारी एकाच लिफाफ्यात देऊ नका. अर्ज छाननीत अडकला तर सूचनाही अडकेल. दोन लिफाफे, दोन पोचपावत्या, आणि सूचनेवर सही दुसऱ्या सभासदाची घ्या.

निळीशाई:
बरं झालं सांगितलंत, तसंच केलं. दोन्ही देऊन आले, पोच मिळाली, शिक्का आणि वेळेसकट. सूचनेवर लाइनस्टाफमधल्या दोघांच्या सह्या आहेत. गुप्त मतपत्रिकेच्या मागणीचं पत्रही दिलंय. समोरच्या उमेदवारानं संयुक्त पत्रकाला होकार दिलाय, मजकूर जुनीफाईल काकांनी तपासून द्यावा ही विनंती. छाननी सोमवारी आहे. मंगळवारपासून सगळ्यात लांबच्या उपकेंद्रांपासून सुरुवात करते, शिफ्ट बदलायच्या अर्धा तास आधी, गेटबाहेर. दुसरीपाळी, तुमच्याकडे मंगळवारी सेकंडला कोण आहे तेवढं कळवा.

दुसरीपाळी:
मीच आहे. दीडला या.